विश्लेषण : तारापूरचे शिल्पकार होमी भाभा आणि घरातली फिरती तबकडी

घरी तबकड्या ऐकण्याची हौस पुन्हा वाढली आहे. काही हजारांपासून कित्येक लाखांपर्यंतची टर्नटेबले बाजारात आहेत आणि कोणते यंत्र चांगले, यावर हौशी मंडळींचे वाद रंगतात. पालघर-बोईसरच्या वाचकाला या विषयाशी जोडणारे एक नाव अगदी जवळचे आहे. तारापूरचा अणुवीज प्रकल्प ज्यांच्या आग्रहातून उभा राहिला, ते डॉ. होमी जहांगीर भाभा याच तबकड्या ऐकत लहानाचे मोठे झाले.

तबकड्यांशी ओळख कशी झाली?

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील सधन पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे वकील, तर आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरात पुस्तके, चित्रे आणि संगीत यांची रेलचेल होती. मावशीकडे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या तबकड्यांचा मोठा संग्रह होता. होमी आणि धाकटे बंधू जमशेद यांचे कान बेथोवन, मोत्सार्ट यांच्या रचनांवर तयार झाले ते तिथेच. मुंबईत त्या काळी युरोपीय वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकण्याचे योग विरळाच. त्यामुळे ग्रामोफोन हीच या मुलांची मैफल होती.

तेव्हाचे यंत्र कसे होते?

त्याला वीज लागत नसे. चावी भरली की स्प्रिंगच्या जोरावर तबकडी मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेई. पोलादी सुई खाचेतून फिरे, तिची थरथर पडद्यावर जाई आणि कर्ण्यातून आवाज बाहेर पडे. सुईवरचा भार शंभर ग्रॅमहून अधिक असे. आजच्या चांगल्या यंत्रात तो दीड ते दोन ग्रॅम असतो. सुई दर बाजूला बदलावी लागे, नाहीतर खाच खरवडली जाई.

तबकड्या लाखेच्या होत्या आणि ही लाख मुख्यतः भारतातूनच जगभर जात असे. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटांचे संगीत मावे. अर्ध्या तासाची सिंफनी ऐकायची तर सात-आठ वेळा उठून बाजू बदलावी लागे. मायक्रोफोन लावून ध्वनिमुद्रण १९२५ पासून सुरू झाले. म्हणजे होमींच्या शाळकरी वयातल्या बहुतेक तबकड्या वादकांना कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसवून मुद्रित केलेल्या होत्या. त्यात ढोलाचा खर्ज आणि व्हायोलिनची वरची झळाळी बरीचशी हरवलेली असे. जे ऐकू येई, त्यावरून उरलेले मनात भरून काढावे लागे.

इंजिनीअर होण्याचे का टळले?

कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अशी वाट चालून होमी १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. मुलाने यंत्र अभियांत्रिकी शिकून टाटांच्या जमशेदपूर येथील पोलाद कारखान्यात यावे, अशी घरची इच्छा होती. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतले. त्यांनी वडिलांना तसे स्पष्ट कळवले. वडिलांनी अट घातली, की आधी अभियांत्रिकीत प्रथम श्रेणी मिळवायची, मग गणितासाठी तिथे राहता येईल. १९३० मध्ये होमींनी प्रथम श्रेणी मिळवली आणि वडिलांनी शब्द पाळला.

पुढे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या विकिरणावरचे त्यांचे गणित ‘भाभा विकिरण’ या नावाने ओळखले जाऊ लागले. वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी १९३७ मध्ये विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त मांडला. याच काळात ते चित्रे काढत होते आणि मोत्सार्टच्या ‘इडोमेनेओ’ या संगीत नाटकासाठी त्यांनी नेपथ्यही केले. संगीत हा त्यांच्यासाठी फावल्या वेळचा विरंगुळा नव्हता.

भारतात परतून काय केले?

१९३९ मध्ये ते सुट्टीवर आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीची वाट अडली. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्याकडे ते रुजू झाले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. परदेशी जाण्याऐवजी इथेच संस्था उभारायची, असे त्यांनी ठरवले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा न्यासाकडे प्रस्ताव धाडला आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. मुंबईत तिचे पहिले बिऱ्हाड पेडर रोडवर, आत्याच्या बंगल्यात होते.

१९४८ हे वर्ष दोन्ही अर्थांनी महत्त्वाचे. जूनमध्ये अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची, प्लॅस्टिकची दीर्घ तबकडी बाजारात आली. तिच्या एका बाजूवर वीसेक मिनिटांचे संगीत मावत होते. ऑगस्टमध्ये भारताचा अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली.

तारापूरच का?

पश्चिम भारत कोळशाच्या खाणींपासून दूर आहे. कोळसा वाहून आणण्याचा खर्च मोठा आणि मुंबई-गुजरातच्या कारखान्यांची भूक वाढती. तारापूरला थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी होते, बोईसर स्थानक जवळ होते आणि दोन्ही राज्ये हाताशी होती. जागतिक निविदा मागवण्यात आल्या. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला आणि १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम मिळाले. ही अणुभट्टी समृद्ध युरेनियमवर चालणारी, म्हणजे इंधनासाठी परदेशावर अवलंबून असलेली. त्यावर तेव्हाही टीका झाली. अणुवीज परवडते हे लवकर दाखवून द्यायचे, हा भाभांचा हिशेब होता.

तो हिशेब जुळलेला पाहायला ते राहिले नाहीत. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला निघालेल्या भाभांचे एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान माँ ब्लां पर्वतावर कोसळले. विमानातील सर्व ११७ जणांचा अंत झाला. भाभा ५६ वर्षांचे होते. तारापूरची पहिली दोन एकके २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यावसायिक वापरात आली.

या विजेचा टर्नटेबलशी काय संबंध?

संबंध थेट आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. जाळ्याला जोडलेली तारापूरसह सगळी केंद्रे याच लयीत चालतात. अनेक जुन्या आणि काही महागड्या टर्नटेबलांतील सिंक्रोनस मोटर ही लय धरून फिरते. वारंवारता ५० वरून ४९.५ झाली, की तबकडी एक टक्का मंदावते आणि गायकाची पट्टी अर्ध्या सुराच्या साधारण सहाव्या हिश्श्याने उतरते. पूर्वी आपल्या वीजजाळ्यात असे चढउतार मोठे असत. आता वारंवारता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात राखण्याचा नियम आहे.

मग यंत्र निवडताना काय पाहावे?

पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रात मोटर बाजूला असते आणि रबरी पट्टा तिची थरथर तबकडीपर्यंत पोहोचू देत नाही. मात्र पट्टा कालांतराने सैल पडतो आणि बदलावा लागतो. थेट मोटरवर फिरणाऱ्या यंत्रात क्वार्ट्झ स्फटिक वेग राखतो, त्यामुळे विजेच्या लयीचा प्रश्न उरत नाही. उंची किमतीच्या पट्टेवाल्या यंत्रांना बहुधा स्वतंत्र वीजपुरवठा पेटी असते. ती स्वतःच शुद्ध ५० आवर्तने तयार करते. किंमत विचारण्याआधी वेग कशाने राखला जातो, हे विचारावे.

घरात आजोबांच्या लाखेच्या तबकड्या असतील तर ७८ चा वेग आहे का, हे आधी पाहावे. अनेक महागड्या यंत्रांत तो नसतो. त्यांची खाच रुंद असल्याने सुईही जाड, सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची लागते. दीर्घ तबकडीची सुई साधारण १८ मायक्रॉनची असते. ती जुन्या खाचेत तळाशी घासते आणि खरखर वाढते. किनारपट्टीच्या दमट हवेत तबकड्या उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्या की वाकतात आणि पावसाळ्यात बुरशीही धरते.

संगीताचा वारसा कुठे गेला?

ज्या वर्षी तारापूर सुरू झाले, त्याच १९६९ मध्ये जमशेद भाभा यांनी जे. आर. डी. टाटांच्या साथीने मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र अर्थात एनसीपीए स्थापन केले. मलबार हिलवरचा भाभांचा ‘मेहरांगीर’ बंगला जमशेद यांनी या केंद्राच्या नावे केला. २०१४ मध्ये त्याचा लिलाव ३७२ कोटी रुपयांना झाला. स्मारक व्हावे अशी मागणी होती, पण पुढे बंगला पाडण्यात आला. लिलावाची रक्कम त्या केंद्राला मिळाली, जिथे आजही बेथोवन आणि मोत्सार्ट यांच्या सिंफनी प्रत्यक्ष ऐकायला मिळतात, मध्येच उठून बाजू न बदलता.