संत जॉन बॉस्को : सुटलेल्या मुलांच्या पाठीशी

दरवर्षी ३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. डॉन बॉस्को हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर शाळा, क्रीडांगणे आणि तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्था उभ्या राहतात. परंतु या विशाल कार्याच्या प्रारंभी तुरिन शहरातील तुरुंग आणि तेथून सुटलेली पोरकी मुले होती, याची आठवण आपल्याला क्वचितच होते.

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी इटलीच्या पिडमाँट प्रांतातील बेक्की या खेड्यात झाला. ते दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा त्यांचे वडील निवर्तले. आई मार्गारिटा यांनी अत्यंत कष्टाने मुलांना वाढविले. किशोरवयात जॉन परक्याच्या शेतावर गडी म्हणून राहिले. पुढे शिक्षण घेत असताना त्यांनी शिंप्याकडे, लोहाराकडे आणि कॉफीच्या दुकानातही काम केले. मालकाच्या दारात काम मागण्यासाठी उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

५ जून १८४१ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षी ते पुढील अध्ययनासाठी तुरिनला आले. तेथे त्यांचे मार्गदर्शक फादर जोसेफ काफासो त्यांना तुरुंगात घेऊन जाऊ लागले. बारा ते अठरा वर्षे वयाची धडधाकट, हुशार मुले तेथे रिकामी बसून कुजत असल्याचे त्यांनी पाहिले. त्याहूनही एका गोष्टीने त्यांचे अंतःकरण हेलावले. चांगले वागण्याचा निश्चय करून बाहेर पडलेली कित्येक मुले थोड्याच दिवसांत पुन्हा तुरुंगात दिसत. बाहेर त्यांना ना घर होते, ना काम, ना विचारपूस करणारे कोणी. त्यांना बाहेर एखादा मित्र लाभला तर ती पुन्हा येथे येणार नाहीत, अशी तरुण धर्मगुरूची खात्री पटली.

८ डिसेंबर १८४१ रोजी बार्तोलोमेओ गारेल्ली या अनाथ गवंडी मुलाशी झालेल्या भेटीतून त्यांचे रविवारचे केंद्र आकाराला आले. पाथरवट आणि गवंडीकाम करणाऱ्या मुलांबरोबर नुकतीच तुरुंगातून सुटलेली मुलेही तेथे येऊ लागली. प्रार्थना, धर्मशिक्षण आणि खेळ यांवर डॉन बॉस्को थांबले नाहीत. ते प्रामाणिक मालकांचा शोध घेत, बेकार मुलांना त्यांच्याकडे कामास लावीत आणि आठवडाभर कारखान्यांत व बांधकामांवर जाऊन त्यांची भेट घेत. त्यामुळे आपल्यामागे कोणीतरी आहे असे मुलाला वाटे आणि मालकालाही धीर येई.

विश्वास ठेवणे त्यांना नेहमीच सोपे गेले असे नाही. सुरुवातीला काही बेघर मुलांना त्यांनी रात्रीचा आसरा दिला, तेव्हा ती पांघरुणे घेऊन पसार झाली. तरीही १८४७ च्या मे महिन्यात पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा दाराशी आला, तेव्हा आई मार्गारिटा यांनी त्याला जेवू घातले आणि स्वयंपाकघरातच त्याचे अंथरूण केले. मागचा अनुभव लक्षात ठेवून त्यांनी दाराला कुलूप लावले खरे. परंतु मुलगा दाराच्या आत होता. डॉन बॉस्को यांच्या वसतिगृहाचा आरंभ या मुलापासून झाला.

काम मिळाले म्हणजे न्याय मिळाला असे नव्हते. शिकाऊ मुलांना मारहाण होई, घरगडी म्हणून राबविले जाई, रविवारीही सुटी मिळत नसे. म्हणून डॉन बॉस्को मालकांशी लेखी करार करू लागले. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी एका सुतार मालकाशी केलेला असा करार आजही उपलब्ध आहे. मालकाने दोन वर्षांत मुलाला सुतारकाम शिकवावे, त्याच व्यवसायातील काम द्यावे, टप्प्याटप्प्याने वाढणारी मजुरी द्यावी, चूक झाल्यास शब्दांनी समजवावे व हात उगारू नये, रविवारी व सणांच्या दिवशी त्याला मोकळे ठेवावे, असे त्यात लिहिले आहे. मुलानेही आज्ञाधारक व कष्टाळू राहण्याचे वचन दिले. त्याचे वर्तन चांगले राहावे यासाठी साहाय्य करण्याची जबाबदारी डॉन बॉस्को यांनी स्वीकारली. मालक, मुलगा, त्याचे वडील आणि धर्मगुरू अशा सर्वांची नावे त्या एका कागदावर आली.

१८५३ पासून त्यांनी स्वतःच्याच आवारात चर्मकाम व शिवणकामाचे कारखाने सुरू केले. त्यांच्या मागोमाग पुस्तकबांधणी, सुतारकाम व छपाई यांचे कारखाने आले. १८५५ साली जेनेराला या बालतुरुंगातील सुमारे तीनशे मुलांना पहारेकऱ्यांविना त्यांनी सहलीस नेले आणि संध्याकाळी सारी मुले परत आली, असे सलेशियन परंपरेत सांगितले जाते. १८५९ साली सलेशियन संस्थेची स्थापना झाली. ३१ जानेवारी १८८८ रोजी डॉन बॉस्को प्रभूच्या घरी गेले आणि १९३४ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले.

१९०६ साली सलेशियन धर्मगुरू भारतात आले. माटुंगा आणि कुर्ला येथील त्यांचे कार्य आपल्या परिचयाचे आहे. आपल्या देशातील ख्रिस्तसभा ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी बंदिजनांसाठी विशेष प्रार्थना करते. ही प्रार्थना सुटकेच्या दिवशी संपू नये. तुरुंगाचे दार उघडल्यावर माणसासमोर दुसरे दार उभे राहते, ते काम देणाऱ्याचे. चारित्र्याचा दाखला मागितला की तो मान खाली घालून परत फिरतो. आपल्या धर्मग्रामांत कारखानदार आहेत, दुकानदार आहेत, बांधकाम व्यावसायिक आहेत. त्यांच्या मनातील भीती अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ती भीती मालकाने एकट्याने का वाहावी? धर्मग्रामातील चार जबाबदार माणसे सुटलेल्या व्यक्तीसोबत मालकाकडे गेली, कामाच्या अटी स्पष्ट ठरल्या आणि दर आठवड्याला कोणी विचारपूस करीत राहिले, तर बंद दार उघडू शकते. डॉन बॉस्को यांनी हेच केले.

बंदिवानाची भेट ही आपलीच भेट होय, असे प्रभू येशूने आपल्याला शिकविले आहे. सुटून आलेल्या बांधवाच्या पाठीशी उभे राहण्याचे धैर्य संत जॉन बॉस्को यांच्या मध्यस्थीने आपल्या सर्वांना लाभो, हीच प्रार्थना.