शेवाळ पाहणारे शास्त्रज्ञ : शिवराम कश्यप

आपल्या भारतात अनेक थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. कोणी आकाशातले तारे पाहिले, कोणी यंत्रे केली. पण मला शिवराम कश्यप फार आवडतात. त्यांनी शेवाळ पाहिले.

त्यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८८२ रोजी झेलम येथे झाला. ते गाव आता पाकिस्तानात आहे. ते आग्र्याला शिकून १९०४ साली डॉक्टर झाले. त्यांना सरकारी नोकरीही लागली. पण त्यांना झाडापाल्याची आवड होती. नोकरी सांभाळून ते पुढच्या परीक्षा देत गेले आणि पहिले आले. मग त्यांनी डॉक्टरकी सोडली आणि लाहोरच्या सरकारी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. १९१० साली ते इंग्लंडला केंब्रिज येथे शिकायला गेले. १९१२ साली तिथली परीक्षा पास होऊन परत लाहोरलाच आले.

आता शेवाळ म्हणजे काय ते सांगते. आमच्या घरी त्याला शेवाय म्हणतात. तळ्यातले हिरवे तंतू तेही शेवाय, आणि भिंतीवरचे मखमलीसारखे तेही शेवायच. पण ते दोन्ही वेगळे आहे. भिंतीवरच्याला मॉस म्हणतात. मॉसचे एक भावंड आहे, त्याचे नाव लिव्हरवर्ट. ते चपटे असते आणि ओल्या मातीला चिकटून राहते. कश्यप यांनी त्याचाच जास्त अभ्यास केला.

मॉसला फूल नाही, फळ नाही, बी नाही. खरे मूळसुद्धा नाही. केसासारखे बारीक धागे असतात, त्यांनी ते भिंतीला धरून ठेवते. पाणी ते सगळ्या अंगाने पिते. म्हणून ते उंच वाढत नाही. त्याच्या दांडीवर इवलीशी डबी येते. तिच्यातली भुकटी वाऱ्याने उडते आणि तिच्यातून नवे मॉस होते. पण ती डबी धरायला आधी अंगावर पाणी लागतेच.

भारतात विटांच्या आणि सिमेंटच्या भिंतींवर हायोफिला नावाचे मॉस खूप दिसते. उन्हाळ्यात त्याची पाने आत गुंडाळतात, ओली झाली की उलगडतात. मे महिन्यात आमच्या न्हाणीमागच्या भिंतीवरचे मॉस काळे पडले होते. मला वाटले, मेले असेल. मी त्यावर गडवाभर पाणी टाकले, तर थोड्या वेळात ते हिरवे झाले! ते मेले नव्हते, पावसाची वाट पाहत होते.

कश्यप सर हिमालयात आणि तिबेटात हिंडले. दगडाजवळ, झऱ्याजवळ वाकून पाहायचे. त्यांनी नवी लिव्हरवर्ट शोधली. एकाचे नाव सेवर्डिएला. ते कोरड्या दिवसांत मातीत बारीक गाठी ठेवते आणि पाऊस आला की त्यातून पुन्हा उगवते. आपल्या हळदीसारखेच झाले की! १९२९ आणि १९३२ साली त्यांच्या मोठ्या पुस्तकाचे दोन भाग निघाले. १९३२ सालीच ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्ष झाले. २६ नोव्हेंबर १९३४ रोजी ते वारले. तेव्हा ते फक्त ५२ वर्षांचे होते. पण त्यांचे काम थांबले नाही, विद्यार्थ्यांनी पुढे नेले. बिरबल साहनी त्यांचेच विद्यार्थी. साहनींनी आपल्या नागपूरच्या वर छिंदवाड्याकडे, काळ्या दगडांच्या थरांमध्ये, दगड झालेल्या जुन्या वनस्पतींचा अभ्यास केला. तोच काळा दगड आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही आहे.

शेवाळाचा उपयोग काय, असे पुष्कळ जण विचारतात. नुसत्या दगडावर ते आधी येते. धूळ-माती धरून ठेवते, मग तिथे गवत उगवते. पावसाचे पाणी स्पंजासारखे पिऊन हळूहळू सोडते. डोळ्यांना न दिसणारे किडे त्यात राहतात. आमचे वावर उताराचे आहे. जोराचा पाऊस आला की माती नाल्यात वाहून जाते आणि बाबांची पेरणी वाया जाते. बांधाच्या ज्या दगडांवर मॉस आहे, तिथली माती मात्र जागेवर असते. हे मी स्वतः पाहिले.

माझा लहान भाऊ यंदा विहिरीच्या पायरीवर घसरून पडला. म्हणून आजी म्हणते, सगळे शेवाय खरडून टाका. आजीचे म्हणणे पायरीपुरते बरोबर आहे. पायरीवरचे, न्हाणीतले खरडलेच पाहिजे. पण बांधावरचे आणि नाल्याकाठच्या गोट्यांवरचे खरडू नका, अशी माझी सर्वांना विनंती आहे. ते कोणाला पाडत नाही, उलट आपली माती धरते.

मित्रांनो, लहान वस्तूला लहान समजू नये, हे मी कश्यप सरांकडून शिकले. तुम्हीही पोळ्याच्या आधी एकदा भिंग घेऊन बांधावर जा आणि वाकून पाहा.

— इयत्ता ४ थी