म्हाइंभटांचा निरभिमान

गोदातटीचे सराळे हे म्हाइंभटांचे गाव. गणपती आपयो यांच्यापाशी त्यांनी शास्त्राध्ययन केले. प्रभाकर-मीमांसेत त्यांची गती मोठी होती. विद्येमागोमाग तिचा ताठाही आला. भर दिवसा दिवट्या पाजळून ते मिरवत, असे परंपरा सांगते. लोक पांडित्याला नमस्कार करीत. पांडित्यामागचा जीव मात्र कोणालाच दिसत नसे, आणि तो स्वतः म्हाइंभटांनाही दिसत नव्हता.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची कीर्ती ऐकून ते डोमेग्रामी आले, ते वादाच्या ईर्षेने. तेथे त्यांच्या ध्यानी आले की, मोक्षावर आपण पुष्कळ बोलू शकतो, परंतु मोक्षाची आर्त आपल्या ठायी नाही. प्रथमच कोणी त्यांना बिरुदांपलीकडे पाहिले होते. जे दिसले ते उणे होते, तरी स्वामींनी त्यांना दूर लोटले नाही.

अनुसरण मात्र लगेच घडले नाही. ताठा एका दिवसात जात नाही. तो रोज ओळखावा लागतो. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभट ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले. आचार्य श्रीनागदेव स्वामींच्या लीलांचे अखंड स्मरण करीत. त्या स्मरणातूनच लीलासंकलनाचे कार्य उभे राहिले. शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२७८ च्या आसपास, लीळाचरित्र सिद्ध झाले.

हे कार्य ताठर पंडिताच्या हातून झाले नसते. ज्याने जी लीला पाहिली, त्याच्याकडूनच ती ऐकावयाची होती. सांगणाऱ्यांत विद्वान होते, तशा शास्त्र न शिकलेल्या बाया होत्या, साधे भाबडे भक्तही होते. म्हाइंभट त्यांच्यापुढे श्रोते होऊन बसले, आणि त्यांचे बोल त्यांच्याच साध्या मराठीत उतरले. ज्याने आपले उणेपण मान्य केले, त्याच्यापुढे आपले उणेपण सांगण्यास कोणाला संकोच वाटावा? म्हणून त्या ग्रंथात भक्तांची प्रीती आहे, तसे त्यांचे रुसवे, हट्ट आणि विकल्पही आहेत.

परंतु खरी कसोटी पुढे होती. संकलन करताना स्वतः म्हाइंभटांच्या लीलाही आल्या. लेखणी त्यांच्याच हाती होती. आपला विद्याभिमान सौम्य करणे, अथवा गाळणे, त्यांना सहज शक्य होते. त्यांनी इतरांच्या उणिवा जशा नोंदविल्या, तशीच आपलीही नोंदविली.

दिवट्यांच्या उजेडात जो झाकला गेला होता, तो या प्रांजळपणामुळे सात शतकांनंतरही वाचकाला उघड दिसतो. आणि उणिवेसह दिसूनही वंदनीय वाटतो. आपणास कोणी ओळखत नाही, या खंतीने जो साधक कष्टी होतो, त्याने आपले काय काय झाकून ठेविले आहे, हे आधी एकांती पाहावे. म्हाइंभटांचे चरित्र त्याला तेथूनच वाट दाखविते.