लोकमान्यांची स्वस्त धान्याची दुकाने

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरसाल एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा लोकमान्य टिळकांचे चरित्र आम्ही द्यावे असे ठरले, तेव्हा काही तरुण सभासदांना त्यात नवे काहीच वाटले नाही. गणेशोत्सव, केसरी, मंडाले, गीतारहस्य हे सर्व शाळेच्या पुस्तकात येऊन गेलेले आहे, आणि आम्ही स्वतः छत्तीस वर्षे ते मुलांकडून घोकून घेतलेले आहे. परंतु टिळकांच्या आयुष्यातील एक वर्ष असे आहे की ज्याचा आपल्या सोलापूरशी, आणि त्यातही मागावर पोट भरणाऱ्या घराण्यांशी निकटचा संबंध येतो. त्या वर्षाविषयी शालेय पुस्तके एक ओळ लिहितात अथवा तीही लिहीत नाहीत. म्हणून बाकीचे चरित्र थोडक्यात सांगून त्या एका वर्षापाशी आम्ही अधिक रेंगाळणार आहो.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत हे पेशाने शिक्षक व पुढे शाळाखात्यातील अधिकारी. मुलगा सोळा वर्षांचा असतानाच ते वारले. डेक्कन कॉलेजात बी. ए. व त्यानंतर १८७९ साली एल्एल्. बी. होऊनही टिळकांनी सरकारी नोकरी वा वकिली धरली नाही. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढले, १८८१ साली केसरी व मराठा ही पत्रे निघाली, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. तेथे ते गणित शिकवीत. सहकाऱ्यांशी मतभेद होऊन १८९० साली त्यांनी शिक्षणसंस्था सोडली. संस्था सोडल्यावर टिळकांनी लातूर येथे भागीदारीत सरकी काढण्याचा कारखाना घातला, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते. लातूर तेव्हा निजामाच्या मुलखात होते. कापूस कोठून येतो, भाव कोण पाडतो, अडत्या किती खातो, हे टिळकांना पुस्तकांतून कळलेले नव्हते. त्यांनी ते व्यवहारात पाहिले होते. पुढील हकिकत समजण्यास हे ध्यानात असावे.

१८९६ साली पाऊस गेला. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला. येथे दुष्काळ पाहुण्यासारखा येत नाही, भाऊबंदासारखा येतो. १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवले आहे हे लोकांना आधीच उमगले. ज्वारी पेवात दडली. भाव चढला की व्यापारी माल जेथे जास्त दाम मिळेल तेथे आगगाडीने रवाना करतो, आणि ज्याच्या शिवारात ती पिकली त्याच्याच डोळ्यांदेखत पोत्यांची थप्पी स्टेशनावर चढते. अशा वेळी भुकेल्या माणसाचा तोल जातो. त्याच साली सोलापुरात धान्यासाठी दंगा झाला.

टिळक त्या वेळी मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद होते. पुण्याची सार्वजनिक सभा आदल्या वर्षीच त्यांच्या पक्षाच्या हाती आलेली होती. सरकारचे दुष्काळाचे नियम तयार होते, परंतु ते इंग्रजीत व कचेरीत. सभेने ते मराठीत समजावून देणारी माणसे गावोगाव धाडली. पीक बुडाले असेल तर साऱ्याची सूट अथवा तहकुबी मागण्याचा रयतेला हक्क आहे, सावकाराचे कर्ज काढून वा गुरे विकून सारा भरू नये, हे टिळकांनी केसरीतून निर्भयपणे सांगितले. सरकारला हे रुचले नाही. मार्च १८९७ मध्ये लॉर्ड सँडहर्स्टच्या सरकारने सार्वजनिक सभेला लोकांची प्रातिनिधिक संस्था म्हणून असलेली मान्यता काढून घेतली.

याच काळात टिळकांनी पुण्यात स्वस्त धान्याची दुकाने उघडविली. सोलापुरासारखा प्रकार पुण्यात केव्हा होईल याचा नेम नव्हता, आणि झाला असता तर त्याचे निमित्त करून सरकार शहरावर दडपण आणणार हे उघड होते. या दुकानांमुळे शहर शांत राहिले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. अशा दुकानाची रीत साधारणतः अशी असते. वर्गणीने भांडवल उभे करावयाचे, धान्य ठोक भावाने आणावयाचे, आणि नफा न घेता, वेळप्रसंगी थोडी खोट सोसून, गरजूंना मोजके विकावयाचे. त्यातील मर्म असे की सर्व शहराला पुरेल इतके धान्य त्या दुकानात नसले तरी चालते. शेजारी एक प्रामाणिक तराजू लटकत आहे एवढे दिसले की पेठेतल्या वाण्याचा हात भाव वाढविताना अडखळतो. पेवातले धान्य बाहेर येते. शिवाय येथे माणूस पदरी पैसा बांधून येतो व विकत घेऊन जातो. अन्नछत्रापुढे पानासाठी बसण्याचा संकोच त्याला सोसावा लागत नाही. ज्याने आयुष्यभर कष्टाचे खाल्ले त्याला हा भेद कळतो.

सोलापूर व नगर येथील विणकरांची दैना कानी आली तेव्हा टिळक स्वतः येथे आले. विणकराचा दुष्काळ कुणब्याच्या दुष्काळाहून निराळा असतो, हे येथे सांगितले पाहिजे, कारण आपल्या नव्या पिढीने मागच पाहिलेला नाही. विणकराचे शेत नसते. पाऊस गेला की लुगडे घेणारा कुणबी बाजारात येत नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून व्यापारी माल उचलत नाही. माल पडून राहिला म्हणून सावकार सूत देत नाही. धोटा थांबतो, कांड्या भरणारी बायकोमुले रिकामी बसतात, आणि महागाई मात्र इतरांइतकीच डोक्यावर असते. सरकारकडे त्यावर उपाय एकच होता, दुष्काळी कामावर जाऊन खडी फोडणे. पिढ्यान्‌पिढ्या सावलीत बसून तुटलेला धागा चिमटीत धरून सांधणाऱ्या बोटांना हातोडा देणे म्हणजे काय, हे आम्ही वेगळे सांगावयास नको. चार महिने खडी फोडलेल्या हाताला सुताची जाणीव राहात नाही. घर सोडून कामावर जावयाचे तर माग गहाण पडतो किंवा विकावा लागतो, आणि पुढे पाऊस पडला, गिऱ्हाईक आले, तरी तो कारागीर पुन्हा कारागीर होत नाही.

टिळकांनी येथील पुढाऱ्यांशी विचारविनिमय करून एक योजना तयार केली. विणकरांना त्यांच्याच धंद्यातून मदत पोचवावी, आणि स्थानिक कमिटी व सरकार या दोघांनी मिळून तो भार उचलावा, असे तिचे स्वरूप होते. ही काही हवेतील कल्पना नव्हती. वायव्य प्रांतात सर अँटनी मॅक्डोनेल या लेफ्टनंट गव्हर्नराने अशाच धर्तीच्या योजनेस मान्यता दिलेली होती. म्हणजे इंग्रज सरकारच्याच एका प्रांतात जे चालत होते तेच मुंबई इलाख्यात मागितले होते. मुंबई सरकारने योजना फेटाळली.

त्या नकारामुळे सोलापुरात किती माग थंडावले याचा हिशेब मांडण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु आपल्यातील कित्येक घरांत मागावरचे पणजोबा आणि गिरणीतले आजोबा अशी जी एक पायरी दिसते, ती चढती होती की उतरती, याचा विचार ज्याने त्याने आपल्या घरापुरता करून पाहावा.

पुढे घटना वेगाने घडल्या. १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेग शिरला. शहर रिकामे होत असता टिळक तेथेच राहिले व हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, जुलैत टिळकांना अटक झाली, आणि सप्टेंबरात राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. दुकाने, योजना, कमिट्या हे सारे मागे पडले. दुष्काळ सरताच अशी दुकाने बंद व्हावयाचीच. ती त्यासाठीच काढलेली असतात. त्यामुळे त्यांची पाटी कोठे शिल्लक नाही.

सप्टेंबर १८९८ मध्ये टिळक सुटले. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ उसळली, तेव्हा त्यांच्यातील व्यवहारी माणूस पुन्हा दिसला. परदेशी कापड टाका एवढे सांगून भागत नाही, देशी माल वाजवी दरात मिळण्याचे ठिकाण हवे, हे ओळखून मुंबईस निघालेल्या स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्सच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला. १९०८ साली पुन्हा खटला झाला, सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. मंडालेहून ते जून १९१४ मध्ये परतले.

आता एक गोष्ट लिहिताना लेखणी जड होते, पण ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ती न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९१८ च्या सुमारास ब्राह्मणेतर व मागासलेल्या समाजांनी कायदेमंडळात स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले. तेली, तांबोळी, धोबी आदी धंद्यांच्या लोकांना तेथे जाऊन काय करावयाचे आहे, अशा अर्थाचे उद्गार टिळकांनी एका जाहीर सभेत काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात याची नोंद करून सभेचे ठिकाण सोलापूर असे दिले आहे. दुसरे लेखक अथणीचे नाव घेतात. ठिकाण कोणतेही असो, ज्या पुरुषाला कारागिराची भूक दिसली त्याला कारागिराची खुर्ची दिसली नाही. भक्त ही हकिकत गाळतात, टीकाकार १८९७ चे वर्ष गाळतात. आमच्या मते दोन्ही एकाच माणसाच्या चरित्रात राहू द्यावीत. सोलापूरच्या विणकरांची योजना ज्या सरकारी टेबलावर मेली, त्या टेबलापाशी विणकरांपैकी एकही बसलेला नव्हता, हे टिळकांच्या ध्यानी यावयास हवे होते.

स्वस्त धान्याची कल्पना मात्र मेली नाही. पहिल्या महायुद्धाच्या महागाईत सोलापूरच्या गिरण्यांनी कामगारांना सवलतीच्या दराने धान्य देण्याची पद्धत घातली. येथील कामगाराचा महागाई भत्ता म्हणजे बव्हंशी धान्यच असे. जुन्या माणसांच्या बोलण्यात गिरणीच्या भोंग्याइतकेच गिरणीच्या धान्याचेही नाव येते. दुसऱ्या महायुद्धात रेशन आले. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी होतो. रेशनच्या दुकानापुढे पिशवी व कार्ड घेऊन उभे राहण्याचे काम आमच्याकडे असे, आणि मिळे ती परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना कडेने फाटे आणि आई त्या धान्याला नाही नाही ते बोले. तरीही ती भाकरी होती व विकत घेतलेली होती. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. आता पूर्व भागातील पुष्कळ ज्ञातिबांधव आमच्यासारखेच जुळे सोलापुरात राहावयास आले आहेत. येथे मोठमोठ्या भांडारांवर सवलतीच्या पाट्या झळकतात. दोन वस्तूंवर एक फुकट मिळते, पण नको असलेल्या दोन घ्याव्या लागतात.

१९२० च्या एप्रिलात मुंबई प्रांतिक परिषद सोलापुरास भरली. टिळक तिला हजर होते. प्रकृती खालावलेली होती. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच, १ ऑगस्ट १९२० रोजी, मुंबईस सरदारगृहात त्यांचे देहावसान झाले. आपल्या शहरात मधल्या मारुतीजवळच्या चौकाला त्यांचे नाव आहे. भोवती बाजारपेठ आहे, गिऱ्हाइकांची वर्दळ असते. सणासुदीच्या खरेदीस आपल्यातील बहुतेक कुटुंबे तेथे जातात. या खेपेस मुलांना बरोबर न्यावे, आणि चौकाचे नाव वाचून दाखविताना त्या योजनेची हकिकतही त्यांना सांगावी.