कवळाण्याचा गोपाळ

सुट्टीत वडोदऱ्याला मामाकडे गेले की कमाटी बागेत माझी एक फेरी ठरलेली. बाग सयाजीराव महाराजांच्या काळातली, १८७९ सालची, एवढंच आधी माहीत होतं. यंदा मात्र त्यांचं चरित्र वाचून गेले.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा, नाव गोपाळ. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंनी या बारा वर्षांच्या पोराला दत्तक घेतलं. तेव्हा त्याला लिहिता-वाचताही येत नव्हतं. बाराव्या वर्षी अक्षर गिरवायला बसलेला हा मुलगा १८८१ मध्ये राज्यकारभार बघू लागला.

अक्षराची किंमत त्यांना कळली असणारच. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण करून पाहिलं आणि १९०६ मध्ये ते साऱ्या राज्यात लागू केलं. मुलींनाही! इंग्रजी मुलखात गोखल्यांनी १९११ मध्ये असंच विधेयक मांडलं, पण ते मंजूर झालं नाही. बडोद्यात पुढे गावोगावी वाचनालयंही निघाली.

१९१३ मध्ये महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला शिकायला गेले. करारानुसार १९१७ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत आले, पण शहरात त्यांना कुणी राहायला जागा देईना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, तर तिथूनही हाकललं. मग मुंबईची गाडी येईपर्यंत ते बसून राहिले, तेही याच कमाटी बागेत.

हे वाचल्यावर बागेतली ती फेरी मला जड गेली. पोरांना शाळेत धाडायला महाराज प्रजेला भाग पाडू शकले, पण एका विद्वानाला कुणाकडून एक खोली मिळवून देणं त्यांच्या राज्याला जमलं नाही. म्हणून त्यांचं काम लहान ठरत नाही. उरलेलं काम कुणाचं, एवढंच त्यातून कळतं.

गेल्या वर्षी माझ्या मैत्रिणीला खोली दाखवण्याआधी घरमालकाने आडनाव विचारलं होतं. मी शेजारीच उभी होते आणि गप्प राहिले. सयाजीराव १९३९ मध्ये गेले. मित्रांनो, पुढच्या वेळी तरी मी गप्प बसणार नाही.