विश्लेषण : पेट्रोलमध्ये शिसे कुणी आणले? थॉमस मिजली यांच्या शोधाची गोष्ट

२० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलवरून सध्या बराच वाद सुरू आहे. मायलेज घटते का, जुन्या गाडीचे रबरी भाग टिकतात का, वगैरे. त्यात एक मुद्दा मागे पडतो. इथेनॉल मिसळले की पेट्रोलचा ऑक्टेन आकडा वाढतो आणि हे शंभर वर्षांपूर्वीही ठाऊक होते. ज्या अभियंत्याला ते पक्के ठाऊक होते, त्यानेच जगभरच्या पेट्रोलमध्ये शिसे आणले.

कोण होते मिजली?

थॉमस मिजली यांचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. १९११ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली. रसायनशास्त्र ते पुढे काम करता करता शिकले. १९१६ मध्ये ओहायोतील डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर त्यांच्याकडे एकच प्रश्न आला : इंजिन ‘नॉकिंग’ का करते?

नॉकिंग म्हणजे नेमके काय?

स्पार्क प्लगची ठिणगी पडली की ज्वाला सिलिंडरभर पसरत जाते. स्थिर मिश्रणात तिचा वेग सेकंदाला अर्धा मीटरही नसतो. इंजिनात मिश्रण घुसळलेले असते, म्हणून तो सेकंदाला काही दशक मीटरपर्यंत जातो. ज्वाला पुढे सरकताना कोपऱ्यात उरलेले, न जळलेले मिश्रण दाबले जाते आणि तापते. ज्वाला पोहोचण्याआधीच ते आपोआप पेटले, तर दाबाची लाट उठते आणि इंजिन टकटक वाजते. कॉम्प्रेशन वाढवले तर इंजिन जास्त ताकद देते, पण नॉकिंगही वाढते. गाडी उद्योग तिथेच अडला होता.

तेव्हा दोष ठिणगीच्या यंत्रणेचा मानला जाई. तो इंधनात आहे, हे दाखवून देण्यात मिजली यांचा मोठा वाटा. सुरुवात मात्र चुकीच्या तर्काने झाली. लाल पानांची एक वनस्पती थंडी सरताच लवकर फुलते. तिचा लाल रंग उष्णता शोषत असेल, मग इंधनही लाल केले तर? तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून आयोडीन घातले. नॉकिंग थांबले! नंतर खरे लाल रंग घालून पाहिले, तर काहीच फरक पडला नाही. गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. पण ते महाग आणि धातू गंजवणारे.

मग वर्षानुवर्षे एकामागून एक पदार्थ तपासले गेले. अ‍ॅनिलिन झाले, सेलेनियम झाले. टेल्युरियम चालले, पण त्याचा लसणासारखा वास अंगाला चिकटून राहायचा. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेड सापडले. गॅलनभर पेट्रोलला तीनेक मिलिलिटर पुरे.

इतक्या थोड्याशा द्रवाने काय होते? इंजिनिअरिंगच्या परीक्षेत हमखास चुकणारा मुद्दा इथेच आहे. हे रसायन ज्वालेचा वेग फारसा बदलत नाही. उष्णतेने ते फुटते, लेड ऑक्साइडचे सूक्ष्म कण तयार होतात आणि आपोआप पेट घेण्याची साखळी पुढे नेणारे मुक्त मूलक (रॅडिकल) हे कण टिपून घेतात. म्हणजे कोपऱ्यातले मिश्रण ज्वाला येईपर्यंत थांबते, इतकेच. डिझेलमध्ये नेमके उलटे हवे असते. तिथे नायट्रेट वर्गातली रसायने घालून इंधन लवकर पेटवतात.

मग अल्कोहोल का नाही?

अल्कोहोल नॉकिंग रोखते हे मिजली यांना माहीत होते. पण ते बरेच मिसळावे लागते आणि कुणालाही बनवता येते. त्यावर मक्तेदारी मिळवणे अवघड होते. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. ‘एथिल’ या नावात शिशाचा उल्लेखच नव्हता.

शिसे विषारी आहे, हे तेव्हा गुपित नव्हते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडून फ्लोरिडात विश्रांतीसाठी गेले होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे रिफायनरीत कामगारांना भास होऊ लागले. पाच जण दगावले. त्यानंतर काही दिवसांतच मिजली यांनी पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुतले आणि त्याची वाफ मिनिटभर हुंगली. स्वतः भोगलेले असूनही! त्यांच्या चरित्रातले हे पान अजाणतेपणाच्या खात्यात टाकता येत नाही. १९२५ मध्ये विक्री थांबली, सरकारी समितीच्या अहवालानंतर १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली.

पुढे फ्रिजसाठी त्यांनी फ्रिऑन वायू शोधला. तो बिनविषारी होता. ओझोनचा थर तो विरळ करतो, हे १९७४ मध्ये पुढे आले. तोवर मिजली हयात नव्हते. १९४० मध्ये पोलिओने त्यांचे पाय गेले. अंथरुणातून उठण्यासाठी त्यांनी दोर आणि कप्प्यांचे यंत्र तयार केले. २ नोव्हेंबर १९४४ रोजी, ५५ व्या वर्षी, ते त्याच दोरांत गळफास बसलेल्या अवस्थेत मृत आढळले. त्या वर्षी ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

शिसे कधी गेले?

मुंबईसह चार महानगरांत १९९५ मध्ये शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, तेही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाड्यांसाठी. कारण शिशाने कन्व्हर्टर निकामी होतो. देशभर बदल झाला २००० मध्ये. गाड्यांसाठी असे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथली विक्री २०२१ मध्ये बंद झाली. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांच्या इंधनात मात्र मिजली यांचे रसायन आजही घातले जाते.