वाचक खरंच काय वाचतो? घरोघर जाऊन शोधणारा जॉर्ज गॅलप

संक्रांतीच्या आठवडाभर आधी तिळाच्या वड्यांची रेसिपी, ऊन तापायला लागलं की घामोळ्यांवरचे घरगुती उपाय, लग्नसराईत पैठणीचे नवे रंग. लाइफस्टाइलच्या पानावर काय द्यायचं हे आता नुसतं संपादकाच्या मनावर राहिलेलं नाही. लोक काय शोधतायत, कशावर किती वेळ थांबतायत, ते आकडे आधी बघितले जातात. हा प्रकार मोबाईलबरोबर आला असं आपल्याला वाटतं. पण त्याचा पाया घालणाऱ्यांत एक मोठं नाव आहे ते अमेरिकेतल्या जॉर्ज गॅलपचं. आपल्याकडे हे नाव निवडणुकीच्या अंदाजांमुळे ऐकलेलं असतं. त्याचं मूळ काम मात्र वर्तमानपत्राच्या वाचकावर होतं.

गॅलपचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ चा, आयोवा राज्यातल्या जेफरसन या छोट्या गावातला. घरचा दुधाचा धंदा. शाळेत असताना पोरगा घरोघर दूध घालायचा आणि त्या पैशातून त्याने शाळेचं वर्तमानपत्र काढलं. पुढे आयोवा विद्यापीठात गेला, तिथेही विद्यार्थ्यांच्या दैनिकाचा संपादक झाला. १९२२ च्या सुट्टीत त्याला सेंट लुईस शहरात एक काम मिळालं. दारोदार जायचं आणि लोक वर्तमानपत्रात काय वाचतात ते विचारायचं.

इथेच त्याला खोच कळली. माणसाला सरळ विचारलं की तुम्ही काय वाचता, तर तो अग्रलेख आणि महत्त्वाच्या बातम्यांचं नाव घेणार. पाहुण्यांसमोर आपण नाही का, टीव्हीवर फक्त बातम्या बघतो म्हणून सांगत? तो माणूस लबाड असतो असं नाही. आपण कसे दिसायला हवे याचं एक चित्र त्याच्या डोक्यात असतं आणि उत्तर त्या चित्रातून येतं.

मग गॅलपने वेगळा मार्ग काढला. त्याच दिवसाचा कोरा अंक घेऊन तो वाचकासमोर बसू लागला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक मजकूर, एकेक चित्र, एकेक जाहिरात दाखवायची आणि यातलं नेमकं काय वाचलं ते विचारून तिथे खूण करायची. वेळखाऊ काम, पण उत्तर पक्कं. याच पद्धतीवर त्याने १९२८ मध्ये डॉक्टरेट मिळवली. आज स्क्रीनवर वाचकाचं बोट कुठे थांबलं हे यंत्र मोजतं, ते तेव्हा हा माणूस पेन्सिलीने मोजत होता.

निघालं ते संपादकांच्या पचनी पडणारं नव्हतं. पहिल्या पानावरच्या मुख्य बातमीपेक्षा चित्रपट्ट्या, म्हणजे कॉमिक्स, जास्त लोक वाचत होते. त्यात पोरंटोरंच नव्हती, मोठी माणसंही होती. चित्रांच्या पानांवर नजर खिळत होती. अग्रलेखाला तोंडी मान मोठा, वाचक थोडे. आयोवातल्या ज्या वर्तमानपत्रासाठी त्याने या पाहण्या केल्या, त्याचे मालक कौल्स बंधू. चित्रांची ही ओढ लक्षात घेऊन त्यांनी १९३७ मध्ये 'लुक' हे सचित्र नियतकालिक काढलं आणि ते अमेरिकेत घरोघर पोचलं. जाहिरातवाल्यांनीही धडा घेतला. तिसाव्या दशकात साबणापासून न्याहारीच्या पदार्थांपर्यंत जाहिराती कॉमिक्सच्या रूपात येऊ लागल्या.

जाहिरातींची तपासणीही त्याने अशीच केली. बहुतेक जाहिराती स्वस्ताई आणि उपयोग सांगत होत्या, पण लोकांची नजर थांबत होती ती मालाच्या दर्जावर, रूपावर, स्त्री-पुरुष आकर्षणावर. हे वाचून न्यूयॉर्कच्या यंग अँड रुबिकम या जाहिरात कंपनीने त्याला १९३२ मध्ये संशोधनाचा प्रमुख म्हणून नेलं. त्याच वर्षी त्याच्या सासूबाई ओला बॅबकॉक मिलर आयोवाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणून निवडून आल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या बाई. जावयाचं लक्ष मतदाराकडे वळायला घरचंच निमित्त झालं म्हणायचं.

१९३५ मध्ये गॅलपने प्रिन्स्टनला जनमत संस्था सुरू केली. पुढच्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक होती. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाच्या अंदाजाला तेव्हा फार मान होता. त्यांनी सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या, आणि लँडन जिंकणार असं जाहीर झालं. गॅलपचा नमुना त्यापुढे अगदीच किरकोळ. तरी तो म्हणत होता, रूझवेल्टच येणार. डायजेस्टचा आकडा कितीने चुकेल हेही त्याने आधीच सांगून ठेवलं होतं आणि आपला अंदाज चुकला तर वर्तमानपत्रांचे पैसे परत, अशी हमी दिली होती. रूझवेल्टला सुमारे ६१ टक्के मतं पडली, लँडनच्या हाती दोनच राज्यं लागली.

डायजेस्टने पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून, मोटारींच्या नोंदीतून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे असणार? शिवाय मतपत्रिका भरून परत पाठवणारे वेगळे, कचऱ्यात टाकणारे वेगळे. म्हणजे आकडा कितीही मोठा असला तरी त्यात कोण आलंच नाही, हे बघावं लागतं. आपल्या भागात तर हे फारच लागू आहे. बेळगावच्या, इंदूरच्या किंवा बडोद्याच्या घरात एक आजी नातवाच्या फोनवर मराठी मजकूर वाचून घेते. यंत्राच्या हिशेबात तो वाचक पंचविशीतला नातू असतो. मग त्याला जिमचे व्हिडिओ दिसत राहतात आणि आजीला हवा असलेला सांधेदुखीवरचा लेख कोणी लिहीतच नाही.

चाळीसच्या सुमारास गॅलप हॉलिवूडमध्ये शिरला. सिनेमाचं नाव कोणतं ठेवावं, कोणत्या नटासाठी लोक तिकीट काढतील, हे आरकेओ कंपनीसाठी तो आधीच तपासून देऊ लागला. ब्रिटनमधल्या त्याच्या शाखेने १९४५ मध्ये मजूर पक्ष येणार असं सांगितलं, आणि चर्चिल पडले. गाडी जोरात होती.

१९४८ मध्ये ती घसरली. ड्युई जिंकणार असं गॅलपने सांगितलं, जिंकले ट्रूमन, आणि तेही चांगल्या फरकाने. लोकांचा कल ठरलेला आहे असं धरून मतदानाच्या काही दिवस आधीच विचारणं थांबवलं होतं. शेवटच्या टप्प्यात मतं फिरली ती कोणी मोजलीच नाहीत. नमुना निवडण्यातही खोट होती. इतकी माणसं शहरातली, इतकी गावातली, इतक्या बायका, एवढं ठरवून दिलं की त्यात नेमकं कोणाला विचारायचं ते पाहणी करणाऱ्याच्या सोयीवर राहायचं. सोयीची माणसं म्हणजे सहज भेटणारी, जरा बरं चाललेली. गॅलपची भरपूर टिंगल झाली. त्याने चूक शोधून काढली, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करण्याच्या पद्धतीकडे वळला आणि मतदानाच्या अगदी जवळपर्यंत विचारत राहण्याची सवय लावून घेतली. कोणत्याही पक्षाचं काम घ्यायचं नाही हा नेम मात्र आधीपासून होता, तो त्याने सोडला नाही.

शेवटी शेवटी तो जगण्याच्या सवयींकडेही वळला. नव्वदी ओलांडलेल्या माणसांना गाठून ती काय खातात, किती झोपतात, कष्ट किती करतात, हे सगळं विचारून घेतलं आणि १९६० मध्ये सहलेखकाबरोबर दीर्घायुष्यावर पुस्तक काढलं. आजच्या लाइफस्टाइल पानावर अलगद बसेल असा विषय. गॅलप स्वतः २६ जुलै १९८४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या आपल्या घरी हृदयविकाराने गेला, ब्याऐंशीव्या वर्षी.